खोक्यावरची लाल गाडी

मित्रांनो, मी एक जुना गेम कन्सोल आहे. मनोरंजनाच्या इतिहासात माझं स्थान अढळ आहे. सध्या ते टीव्हीखालच्या कपाटात, वायफायची डबी आणि बंद पडलेली इस्त्री यांच्या मधोमध आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. ज्यांनी मला घडवलं त्यांच्या डोक्यात एकच विचार होता: मारामारी. माझ्या रिमोटवर (त्याचं खरं नाव कंट्रोलर, पण या घरात बटणं असलेल्या प्रत्येक वस्तूला रिमोटच म्हणतात) डाव्या हाताला अधिकच्या चिन्हासारखं एक बटण आहे. त्यावरून अंगठा गोल फिरवला की पडद्यावरचा पैलवान गिरकी घेऊन लाथ मारतो. उजव्या हाताला सहा बटणं आहेत. ती दाबली की दाबली आणि सोडली की सोडली. अधलं-मधलं काही नाही, कारण अर्धवट मारलेला ठोसा हा ठोसा नसतो, ती विचारपूस असते.

पण कारखान्यात खोकी छापणारा विभाग वेगळा असतो. त्या विभागातल्या कुणीही मला पाहिलेलं नव्हतं. त्यांनी माझ्या खोक्यावर एक लाल गाडी छापली आणि तिच्या शेजारी केस उडणारी एक बाई उभी केली. तिथून माझ्या आयुष्याची दिशा बदलली.

मला घरी आणलं ते छोटूने. छोटू म्हणजे चष्म्याच्या दुकानात नोकरी करणारा, टक्कल पडलेला गृहस्थ. घरातला धाकटा म्हणून त्याला छोटू म्हणायला लागले आणि मग ते थांबवायचं राहून गेलं. दिवसभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर काचा बदलत तो विचारायचा, "हे बरं दिसतं, की हे?" त्यामुळे त्याची अशी पक्की समजूत झाली होती की प्रत्येक डोळ्याचा जसा एक नंबर असतो, तसा प्रत्येक कन्सोलचा खेळाचा एकच प्रकार असतो. तो एकदा ठरला की ठरला. त्याने माझं खोकं हातभर लांब धरून पाहिलं आणि निकाल दिला, "हा शर्यतीचा."

दुकानातून आणलेली चिकटपट्टी माझ्या कपाळावर बसली. तिच्यावर लिहिलं होतं: शर्यत.

कपाटात माझ्याआधी दोघे कन्सोल होते. एक चपट्या. त्याच्या रिमोटला खालच्या बाजूला, तर्जनीखाली, दोन खटके होते. थोडे दाबले तर थोडं चालायचं, जास्त दाबले तर जास्त. गाड्यांच्या खेळासाठी याहून चांगली सोय आमच्या जातीत झालेली नाही. पण त्याच्या खोक्यावर रंगीत चौकोन छापलेले होते, म्हणून त्याच्या कपाळी आलं 'ठोकळे', आणि छोटूची आई रोज दुपारी त्याच्यावर वरून पडणारे ठोकळे रचत बसायची. दुसरे भाऊसाहेब. हे वजनाने जड आणि स्मरणशक्तीने दांडगे. गोळीबाराच्या खेळात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांच्या कपाळी होतं 'कथा'. छोटू दर रविवारी त्यांच्यावर एका राजकुमारीला सोडवायला निघायचा.

"सुटली का रे ती?" छोटूची बायको जाता-येता विचारायची.

"तलवार मिळाली की सुटेल."

"आपल्या लग्नाआधीपासून शोधतोयस. तिने एव्हाना आपलं आपलं बघितलं असेल."

घरात ताई तिला वहिनी म्हणायची, म्हणून आपणही वहिनीच म्हणू. वहिनी एका कंपनीत फोनवरून लोकांच्या तक्रारी ऐकायची आणि घरी आल्यावरही कधी कधी तिचा आवाज तसाच मऊ व्हायचा. तो आवाज लागला की घरातले सावध व्हायचे.

आता ताई. ताई म्हणजे छोटूची थोरली बहीण, इस्पितळात नर्स. बरीच वर्षं ती एकाच वॉर्डात, त्याच दोन खिडक्यांच्या मध्ये काम करत होती. अशात एक जागा निघाली: फिरत्या दवाखान्याची. छोट्या गाडीतून औषधं घेऊन डोंगरापलीकडच्या वस्त्यांवर जायचं, बाळांना टोचायचं, म्हाताऱ्यांचा रक्तदाब बघायचा, दुसऱ्या वस्तीवर जायचं. गाडी मात्र स्वतः चालवायची. ताईने आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं. ती जेवताना म्हणाली, "मला ही जागा हवीय. मला खिडकी बदलायचीय."

मग छोटू उठला, कपाटाशी आला आणि त्याने माझ्यावर हात ठेवला. "अगं, मग आपल्याकडे हा आहे ना!"

"हा काय करणार?"

"गाडी म्हणजे शेवटी काय गं? समोर रस्ता आणि हातात बटण."

"आणि पाय?" आईने विचारलं.

"पाय नंतर."

अशा रीतीने ताई सकाळी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आणि संध्याकाळी माझ्यावर गाडी शिकू लागली. मित्रांनो, मी प्रामाणिकपणे काम केलं. पण ठोसा मारण्यासाठी केलेल्या बटणावर गाडी चालवली तर काय होणार? बटण दाबलं की गाडी बाणासारखी सुटायची, सोडलं की मेल्यासारखी पडायची. ताई वळणावर टक-टक-टक असं बटण मारत जायची. ड्रायव्हिंग स्कूलचे सर तिला रोज म्हणत, "मॅडम, पेडल आहे ते, झुरळ नाही."

पहिल्या परीक्षेत गाडीने जागच्या जागी उडी मारली आणि परीक्षकांचं पेन मागच्या सीटवर गेलं. दुसऱ्या परीक्षेत ती उडी न मारता सरळ कुंपणाच्या खांबाला जाऊन भेटली.

त्या संध्याकाळी बैठकीच्या खोलीत माझ्यावर खटला चालला.

"मशीनचा काही दोष नाही," छोटू म्हणाला. "शर्यतीला याच्यासारखा दुसरा नाही."

"कशावरून?" वहिनी.

"खोक्यावर बघ की."

"खोक्यावर बाईपण आहे. ती कुठे आली सोबत?"

"तू विषय बदलू नकोस. मी दिलेला नंबर आजवर चुकलेला नाही. दुकानात एकसुद्धा चष्मा परत आलेला नाही."

"परत करायला दुकान दिसायला तर हवं त्यांना."

ताई हसली नाही. ती म्हणाली, "पुढच्या परीक्षेत नाही झालं तर जागा आमच्या वॉर्डात जखमा बांधणाऱ्या त्या ड्रेसिंगवाल्याला जाईल. तो स्टुलावर बसल्या बसल्या झोपतो. त्याला लायसन्स आहे." मग तिने माझा रिमोट उचलला आणि दात-ओठ खाऊन सरावाला बसली.

त्या दिवशी तिचा अंगठा फार जोरात पडत होता. शेवटी गाडी पळवायचं बटण आत गेलं ते वर आलंच नाही. पडद्यावरची लाल गाडी आपली आपण सुटली. भिंतीला आपटायची, वळायची आणि पुन्हा आपटायची.

"अगं, थांबव ती," आई म्हणाली.

"थांबत नाहीये."

"परीक्षेत असंच झालं का?"

"अगदी असंच," ताई म्हणाली. मग तिने भिंतीतलं बटण बंद केलं आणि काळ्या पडद्याकडे बघत बसली. माझ्यासारख्या लढवय्यालाही ते बघवलं नाही.

खरं तर माझा दुसरा एक रिमोट होता. तो खालच्या खणात, कारखान्यातून आला तसा प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेला होता. तो पाहुण्यांचा रिमोट. आईचा नियमच होता: चांगले कप, चांगली चादर आणि चांगला रिमोट पाहुण्यांसाठी. आजवर आलेल्या एकाही पाहुण्याने तो मागितला नव्हता. पाहुणे यायचे, चहा घ्यायचे, गुडघ्यांबद्दल बोलायचे आणि जायचे.

"आई, तो काढू?" ताईने विचारलं.

"आणि पाहुणे आले तर?"

"कुठले पाहुणे?"

"ते काय सांगून येतात?"

तेव्हा वहिनी उठली. तिने चपट्याचं खोकं माळ्यावरून काढलं. त्यात चपट्याबरोबर फुकट आलेली गाड्यांच्या खेळाची तबकडी होती. आमच्यात एकाची तबकडी दुसऱ्याला चालत नाही, आणि ही तर कुणी उघडूनही पाहिलेली नव्हती, कारण तिच्या मालकाच्या कपाळी ठोकळे होते.

"चपट्यावर शर्यत?" छोटू ओरडलाच. "अगं, तो ठोकळ्यांचा आहे!"

"आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे," वहिनी मऊ आवाजात म्हणाली आणि तिने तबकडी आत सरकवली.

ताईने तर्जनीखालचा खटका जरासा दाबला. पडद्यावरची गाडी जराशी हलली. अजून जरासा दाबला, ती चालायला लागली. ताईने ती इतकी हळू नेली की मागच्या सगळ्या गाड्या तिच्या पुढे गेल्या, आणि एक फेरी मारून येऊन पुन्हा पुढे गेल्या. शर्यतीत ती शेवटची आली आणि लहान मुलीसारखी हसत होती. छोटू माझ्या कपाळावरची चिकटपट्टी नखाने उगाचच खरवडत बसला.

"चुकला का गं नंबर?" त्याने हळूच विचारलं.

"वय झालं की बदलतो नंबर," वहिनी म्हणाली. तिचा नेहमीचा आवाज होता.

त्या दिवसापासून चपट्या ताईकडे गेला आणि आईची दुपार रिकामी झाली. दोन दिवस ती हात मांडीवर ठेवून बसली. तिसऱ्या दिवशी तिने शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली, खालचा खण उघडला आणि पाहुण्यांच्या रिमोटचं प्लास्टिक स्वतः कापलं. "नियम माझा होता. मी मोडीन नाहीतर तळून खाईन," ती खोलीला उद्देशून म्हणाली. खोलीत मी एकटाच होतो.

माझ्या खोक्यातून मारामारीची तबकडी निघाली. आईने सगळे पैलवान नीट पाहिले आणि त्यातला सर्वांत जाडा निवडला, कारण तो खाऊनपिऊन सुखी दिसत होता. मित्रांनो, पुढे काय झालं ते सांगताना माझा पंखा आजही जोरात फिरतो. लोकर विणून तयार झालेले ते दोन अंगठे! तिने गोल फिरवलं की गिरकी बसायची, दाबलं की ठोसा बसायचा. मी जन्मलो होतो ते या बाईसाठी. संध्याकाळी छोटू तिच्याशी खेळायला बसला.

"आई! अगं, हळू!"

"हळू मारलं तर लागतं का?"

"अगं, मी पडलोय. पडलेल्याला मारतेस?"

"मग ऊठ. शाळेतही असाच पडून राहायचास."

तिसऱ्या परीक्षेच्या दिवशी ताई सकाळी काही न खाता गेली. घरात कुणी तिचं नाव काढलं नाही. छोटूने दुकानाला उशिरा येतो म्हणून कळवलं. वहिनी फोन हातात धरून बसली होती आणि तो वाजत नव्हता. आई माझ्यावर खेळत होती, पण तिचा जाडा पैलवान नुसता मार खात होता.

दार उघडलं. ताई चपला न काढता उंबऱ्यातच उभी राहिली. आईने खेळ थांबवला. गॅसवर दूध असतानाही तिने तो कधी थांबवला नव्हता.

"मिळालं," ताई म्हणाली. "लायसन्स मिळालं. परीक्षक म्हणाले, गाडी लोण्यासारखी चालवता."

मग तिघांनी एकदमच बोलायला सुरुवात केली, त्यामुळे कोण काय म्हणालं ते मला सांगता येणार नाही. छोटूने मात्र त्याच दिवशी नव्या चिकटपट्ट्या आणल्या. चपट्यावर 'शर्यत', माझ्यावर 'मारामारी'. "मी पहिल्यापासून म्हणत होतो," असंही तो म्हणाला, आणि वहिनीने त्याची तक्रार नोंदवून घेतली नाही, हा तिचा मोठेपणा.

आज ताई डोंगरापलीकडे जाते. तिला रोज नवी खिडकी मिळते, आणि ती खाली-वरही होते. आईने ठोकळ्यांकडे पुन्हा पाहिलेलं नाही. पण हल्ली तिची नजर जरा कमी झाली आहे, म्हणून माझा उपयोग कमी झाला आणि इस्त्री माझ्या शेजारी राहायला आली.

तर मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. आमच्या पाठीच्या जाळीवर विणलेले रुमाल घालू नका, आम्हाला श्वास तिथूनच घ्यावा लागतो. आठवड्यातून एकदा धूळ पुसा. आणि कुणाच्याही कपाळी चिकटपट्टी लावण्याआधी त्याची बटणं एकदा दाबून पाहा. कोण कशासाठी चांगला, हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. मारामारीला मी, शर्यतीला चपट्या, गोळीबाराला भाऊसाहेब. हे ओळखलं म्हणूनच एका नर्सचं आयुष्य बदललं.

लायसन्स मिळालं त्या संध्याकाळी ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांचा अभिनंदनाचा फोन आला होता. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की गेल्या आठवड्यात त्यांनी शिकवायला आणि परीक्षेला नेतात त्या गाडीची अ‍ॅक्सिलरेटरची केबल बदलून घेतली. जुनी अडकत होती.