लिफ्टच्या टपावर

प्रेमाच्या दिवशी प्रेमाचा सगळ्यात जास्त वीट कुणाला येत असेल, तर भेटवस्तूंच्या दुकानदाराला. लेकीचं स्वतःचं दुकान होतं, त्यामुळे तिला सकाळी दहालाच आला. दिवसभर तिने लाल फुगे फुगवले, आपल्या बायकोला काय आवडतं हे दुकानदारालाच विचारणारे नवरे सोसले, आणि एका गृहस्थाला एकसारखी दोन भेटकार्डं, चेहऱ्यावरची रेघही न हलवता, वेगवेगळ्या पिशव्यांत घालून दिली. संध्याकाळी ती आईबाबांकडे आली ती पाय वर करून पडायला. तर आई ठेवणीतले कपडे घालून, दोन्ही गुडघ्यांना पट्टे आवळून दारातच उभी.

"कुठे निघालीस?"

"लिफ्टवर."

"लिफ्टमध्ये म्हण."

"मध्ये काय, कुणीही जातं."

बाबा गल्लीपलीकडच्या अकरा मजली इमारतीत लिफ्टचे मेकॅनिक होते. दर वर्षी या संध्याकाळी ऑफिसं सुटली की दोघं बाहेर पडायची आणि लेकीची रवानगी शेजारच्या काकूंकडे व्हायची. सिनेमाला जातात, असं तिला सांगितलेलं. परतताना आईच्या गालावर काळं वंगण असायचं. कसला सिनेमा, हे विचारण्याइतकी अक्कल आली, तोवर न विचारण्याइतकी अक्कलही आली होती.

खरी गोष्ट आज कळली. दोघं लिफ्टच्या टपावर बसून पार वरपर्यंत जायची. हे नियमात बसत नव्हतं, पण टपावर दोघं आरामात बसत.

उद्या ती लिफ्ट उतरवायला माणसं येणार होती. तिच्या जागी काचेची लिफ्ट, आणि बाबा निवृत्त. म्हणजे ही फेरी शेवटची, आणि नेमके आईचे गुडघे संपावर. टपावर जायची वाट डब्याच्या छतातल्या झडपेतून: खाली स्टूल, स्टुलावर आई आणि खालून बाबांचा टेकू. इथे तर डॉक्टरांनी बसची पायरीसुद्धा बंद केली होती.

"तू खालून ढकल, हे वरून ओढतील," लिफ्टमध्ये शिरताना आईने कामं वाटून दिली.

"पोतं आहेस का तू?"

"पोत्याला एवढी हौस नसते."

तिने स्टुलावर पाय ठेवला, ओठ चावला आणि पाय खाली घेतला. पुन्हा ठेवला, पुन्हा घेतला.

"राहू दे," ती म्हणाली. "पाहिलंय की इतक्यांदा."

आईचं 'राहू दे' लेकीला चांगलंच ठाऊक होतं. एखादी गोष्ट जिवापाड हवी असली की ती असं म्हणायची. बाबांनाही ते ठाऊक असावं. ते मान खाजवत उभे राहिले.

"दुसरी वाट आहे एक," ते शेवटी म्हणाले. "सोपी."

त्यांनी दोघींना दुसऱ्या मजल्यावर आणून बाहेर उभं केलं, रिकामी लिफ्ट खाली सोडली आणि ती थोडी उतरताच किल्लीने मजल्याचं दार उघडून थांबवली. लिफ्टचं छप्पर बरोबर फरशीच्या रेषेत येऊन थांबलं होतं. उंबरा ओलांडावा तसं पाऊल टाकायचं, की झालं.

आईने छपराकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे.

"काय हो, ही वाट कधीपासून आहे?"

"पहिल्यापासून. कामाला असाच चढतो आम्ही."

"आणि मी इतकी वर्षं माकडासारखी स्टुलावर?"

"हं."

"बोलला का नाहीत?"

बाबा किल्ल्यांचा जुडगा उलटसुलट करत राहिले. "मग तुला उचलायचं निमित्त काय उरलं असतं?"

दिवसभर छापील वाक्यं विकलेली लेक जिन्याच्या दिव्याकडे फार लक्षपूर्वक पाहू लागली.

"लबाड मेला," आई म्हणाली आणि हात पुढे केला. "पोरीसमोर काहीतरीच."

तिघं बसली. बाबांनी टपावरचं बटण दाबलं आणि लिफ्ट मुंगीच्या पावलांनी वर निघाली. बाजूंना काळ्याकुट्ट भिंती. एकेका मजल्याच्या दाराखालची उजेडाची रेघ वरून यायची, गुडघ्यांवरून सरकायची आणि खाली बुडायची. तारेचे दोर अगदी हळू, घशातल्या घशात गुणगुणल्यासारखे वाजत होते. रोज ज्या इमारतीसमोरून लेक नाक वर करून जायची, तिच्या पोटात एवढी मोठी विहीर उभी होती.

अर्ध्या वाटेत वरच्या अंधारातून काहीतरी प्रचंड खाली यायला लागलं. लेकीने आईचा दंड धरला.

"भिऊ नकोस," बाबा कुजबुजले. "वजन आहे ते. आपल्याच दोराच्या दुसऱ्या टोकाला बांधलेलं. ते खाली येतं म्हणून आपण वर जातो."

"शू," आई म्हणाली. "इथे बोलायचं नसतं."

हत्तीएवढं ते लोखंड, पान पडावं इतक्या अलगद, हाताच्या अंतरावरून खाली गेलं. वाऱ्याची एक गार झुळूक तेवढी आली. दोघं म्हातारी तोंड उघडं टाकून पाहत होती, जणू आयुष्यात पहिल्यांदाच. लेकीचंही तोंड उघडंच होतं.

लिफ्ट पार वर पोचून थांबली.

"अजून एकदा," कुणीतरी म्हणालं. आईबाबा दोघांनी वळून पाहिलं, तेव्हा ते आपणच बोललो हे लेकीच्या लक्षात आलं.

बाबांनी बटण दाबलं. खाली, खोल अंधारात, ते वजन वर यायला निघालं.