येरकाडच्या कठड्यापाशी

चेन्नईहून गाडी निघाल्यापासून अंबुजाबाईंचं तोंड मिटत नव्हतं. सेलम मागे पडलं, येरकाडचा घाट लागला, नात जननी वळणांनी हैराण झाली, तरी आजीचं चालूच. विषय एकच. सुट्टीत इथे गावोगावचे लोक येतात. त्यात महाराष्ट्राकडचं कुणी भेटलं तर पोटभर बोलून घ्यायचं. पिढ्यान्‌पिढ्या तंजावरात जपलेली मराठी घराबाहेर ऐकवायची तरी कुणाला?

गाडी चालवणाऱ्या त्यांच्या मुलाला, रघुरामला, ही हौस नकोशी होती. मागच्या नोकरीत तो एकदा कँटीनमध्ये हौसेने आपली मराठी बोलला, आणि पुण्याच्या पोरांनी त्याची अशी नक्कल केली की त्याला तिथे जेवायला जायची चोरी झाली. चेन्नईतल्याच पेरुंगुडीच्या नव्या ऑफिसात या शहाण्याने सरळ सांगून टाकलं, आपण तमिळ.

बागा पाहून झाल्या. दुपारी सगळी डोंगरकड्याच्या कठड्यापाशी दरी बघत उभी होती. आणि नशीब बघा, समोरून आला तो विद्याधर, त्याच नव्या ऑफिसातला, बायकोशी मराठीत बोलत.

अंबुजाबाईंनी त्याला गाठलंच. "कोण गांवचे जी तुम्ही? घरचें जेवण आहे, दोन घांस खाऊन जावें." चेहरा नुसता फुलला होता. विद्याधर चकित झाला, मग हसला. वाईट हसणं नव्हतं ते, पण रघुरामच्या कानात ते जुनं कँटीन खिदळलं. तेवढ्यात विद्याधरने त्याला ओळखलं आणि विचारलं, या कोण?

रघुराम इंग्रजीत म्हणाला, "आमच्या स्वयंपाकीणबाई. पूर्वी कुठल्या तरी मराठी घरात कामाला होत्या."

बोलून गेला आणि लाजेने त्याचे कान तापले. बायको रंजनी त्याच्याकडे बघतच राहिली. अंबुजाबाई शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या. त्यांच्या कानांतून एकही शब्द सुटला नसणार. चुकलो म्हणायला कितीसा वेळ लागतो? तेवढंही या गड्याला जमलं नाही.

विद्याधर भला माणूस. तुमचा फॅमिली फोटो काढतो म्हणाला. मोबाईल डोळ्यांसमोर धरला आणि मायेने म्हणाला, "आजी, जरा बाजूला होता का?"

जननीने आजीचा हात घट्ट धरला. आता तरी बोल, आई आहे माझी म्हण, असं रघुराम स्वतःला बजावत राहिला आणि तसाच उभा राहिला.

अंबुजाबाईंनी नातीची बोटं हळूच सोडवली. रघुरामच्या खांद्यावरची जेवणाची पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली.

"कुडुंग, सार," त्या म्हणाल्या. द्या, साहेब.

जन्मात कधी त्या लेकाशी तमिळमध्ये बोलल्या नव्हत्या. पिशवी सावरत त्या फोटोच्या बाहेर जाऊन उभ्या राहिल्या, आणि विद्याधरने सगळ्यांना हसायला सांगितलं.