पितळी गुंडाखालचा फोन

मित्रांनो, मी एक जुना, बटणांचा मोबाइल आहे. माझ्या अंगावरचे आकडे केव्हाच पुसले गेलेत. २००८ साली गोंदियाच्या बाजारातून उदारामनं मला मुर्री गावी आणलं, ते बायकोसाठी, शामकलाबाईसाठी. लेक दामिनी आमगावला नांदायला गेली होती आणि घर सुनं झालं होतं.

शामकलाबाई नेमाची बाई. सांजेला तुळशीपुढं दिवा लावायचा, हात जोडायचे आणि मग मला कानाशी धरून लेकीशी बोलायचं. भाजी काय केली इथपासून सुरुवात. माझं अंग तापायचं, तिचा कान लाल व्हायचा, तरी बोलणं सरत नसे. उदाराम म्हणायचा, "देवापेक्षा यालेच जास्त येळ देते ही!"

पुढं तिचं डोकं दुखू लागलं. शेजारची मंदाबाई म्हणाली, "किरणं जातेत ना वं डोस्क्यात! पितळेखाली झाकून ठेव त्याले."

"मंग बोलू कायनं? आमगावले हातवारे करू?"

"बोलाच्या येळी काढ. वाजला का ऐकू येतेच."

तिला पटलं. दिवसभर मी पाणी भरायच्या पितळी गुंडाखाली, पालथ्या घातलेल्या घागरीखाली, झाकलेला. अंधाराचं काही नाही, पण बाहेरची एकही लहर तिथं पोचत नव्हती. मी वाजणार कसा? आणि हे तिला सांगणार तरी कसा?

दामिनीला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून गुरुवारी तिला आणायचं ठरलं. पण मंगळवारीच तिला कळा सुरू झाल्या. नवरा कामाला परगावी, घरात कोणी नाही. ती एकटीच गाडीत बसली आणि गोंदिया स्टेशनावरून आईला फोन लावत राहिली. आई घरातच होती. माझ्यापासून हातभर दूर, उपासाची भगर निवडत.

सांजेला तिनं मला बाहेर काढलं आणि थोड्याच वेळात मी वाजलो. दामिनीच्या फोनवरून कोणी अनोळखी बाई बोलत होती. "तुमच्या पोरीले मी स्टेशनावरून दवाखान्यात आणलं. बाळ झालं, लय लहान आहे. लवकर या."

मला कमरेला खोचून शामकलाबाई दवाखान्यात पोचली. दामिनीनं आईकडे पाहिलं नाही. "बाकावर बसून तुलेच फोन लावून राहिली होती मी, आई. कुठं होती तू?"

शामकलाबाईनं मला पदराआड केलं.

काचेच्या पेटीत ठेवून बाळ वाचलं. शामकलाबाईनं डॉक्टरांना किरणांचं विचारलं, गुंडाखाली झाकायचंही सांगितलं. ते म्हणाले, "धोका अजून ठामपणे सिद्ध झालेला नाही, मावशी. भीती वाटते तर थोडक्यात बोला, फोनचा आवाज मोठा करून लांबून बोला, उशाशी ठेवू नका. पण पितळेखाली झाकाल तर तो वाजणारच नाही, मग फोन घेतला कशाला?"

दामिनी दवाखान्यातून माहेरी आलीच नाही. थेट आमगावला गेली. शामकलाबाई मला ओट्यावर उघड्यात ठेवू लागली. मी मात्र वाजेना. सांजेला तीच फोन लावायची. दामिनी उचलायची आणि न बोलता बाळाजवळ ठेवून द्यायची. शामकलाबाई ते कुरकुरणं ऐकत एकटीच बसायची.

आणि एका दुपारी मी वाजलो.

"आई, याच्या उचक्या थांबत नाहीत. काय करू?"

"खांद्यावर उभा धर, बाई. पाठीवरून हात फिरव. मी आहे इथंच."

मित्रांनो, मला उशाशी घेऊ नका, गाडी चालवताना कानाशी धरू नका, तासन् तास तर नकोच. पण मी वाजलो तर उचला. पलीकडच्या माणसानं कशासाठी फोन लावलाय, हे उचलल्याशिवाय कळत नाही.