ठकीवर राज्य

“ती लिंबूटिंबू आहे हो, बाई. तिच्यावर राज्य नका देऊ,” लिफ्टवाला हॉलच्या दारातूनच म्हणाला.

बाईंनी गळ्यातली शिट्टी दोन बोटांत धरली आणि त्याच्याकडे असं पाहिलं, की आपल्या शर्टाची बटणं नीट लागली आहेत ना, अशी त्याला उगाचच शंका आली.

“इथे लिंबूटिंबू कोणी नसतं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही पालकांच्या बाकावर बसा. आणि जमिनीवर ती पिवळी पट्टी दिसते ना, तिच्या अलीकडेच राहायचं.”

तो बाकावर जाऊन बसला. शनिवारी सकाळी या हॉलमध्ये खास मुलांचा खेळाचा वर्ग भरे. कोणाला नीट दिसत नव्हतं, कोणाला बोलता येत नव्हतं, कोणाला गोंगाट सोसत नाही म्हणून कानांवर जाडजूड हेडफोन होते. त्यांच्यात लिफ्टवाल्याची नऊ वर्षांची लेक, दोन्ही पायांना पट्टे बांधून वॉकर धरून उभी. आज तिचा पहिलाच दिवस. घरी तिला ठकी म्हणत आणि इथेही आल्याआल्या तिने तेच नाव सांगून टाकलं होतं.

बंद पडलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आत अडकलेल्यांना तो फोनवर सांगे, “घाबरू नका. दाराशी झटापट करू नका. मी आलोच.” त्याच्या आवाजानेच निम्म्या लोकांचा जीव भांड्यात पडायचा. घरी मात्र ठकीचं पाऊल जरा अडखळलं, की सगळ्यांत आधी हाच घाबरायचा.

त्यांच्या इमारतीतली मुलं संध्याकाळी पकडापकडी खेळत आणि ठकीलाही घेत. लिंबूटिंबू म्हणून. म्हणजे तिने खेळात असायचं, पण तिला कोणी पकडायचं नाही आणि चुकून हात लागलाच तरी तिच्यावर राज्य यायचं नाही. मुलं मोठी गुणी. लिफ्टवाला त्यांचे उपकार मानायचा, खिशात गोळ्या ठेवून जाता-येता वाटायचा. “आमच्या ठकीला सांभाळून घ्या रे,” म्हणायचा. घेत होती बिचारी. तिच्या आजूबाजूने भुर्रकन पळून जात आणि ठकी मधोमध उभी राहून हसत असे. ती खेळत नाही, नुसती तिथे असते, हे त्याला कधीच कळून चुकलं होतं. पण ते तो बायकोजवळही बोलला नव्हता.

बाईंची पकडापकडी निराळीच होती. ज्यांना पळता येतं त्यांनी पावलाला पाऊल चिकटवून चालायचं. चाकांच्या खुर्चीवर बसणारी एक मुलगी होती, तिने उलटं जायचं. ठकीने मात्र जसं जमेल तसं. सुरुवातीचं राज्य पैलवानावर होतं. हा एक थोराड, अबोल मुलगा. तो आपला पावलाला पाऊल जोडत, जिभेचं टोक बाहेर काढून, सावकाश ठकीपर्यंत आला आणि त्याने तिच्या पाठीत एक सणसणीत थाप दिली.

शिट्टी वाजली. “ठकीवर राज्य,” बाई म्हणाल्या.

ठकी गोंधळली. “माझ्यावर नसतं,” ती म्हणाली. “मी लिंबूटिंबू आहे.”

“असं कोण म्हणालं?”

ठकीने बाकाकडे बोट दाखवलं. सगळी मुलं लिफ्टवाल्याकडे बघायला लागली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“त्यांना इथले नियम माहीत नाहीत,” बाई म्हणाल्या. “चल, पकड कोणालातरी.”

ठकीने वॉकर वळवला. पहिली काही पावलं तिने नेहमीसारखी जपून टाकली आणि मग तिला काय झालं कोण जाणे, ती जोरात निघाली. चटईच्या कडेला वॉकरचं चाक अडलं, वॉकर एका बाजूला गेला आणि ठकी दुसऱ्या. गुडघे टेकले, मग हात.

लिफ्टवाला पिवळी पट्टी ओलांडून कधी आत गेला, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. त्याने तिच्या काखेत हात घातले.

“बाबा, सोड. तू बाहेर जा ना,” ठकी फणकारली. “माझ्यावर राज्य आहे.”

त्याने हात काढून घेतले. बाईंकडे पाहिलं, तर त्या भलतीकडेच बघत होत्या. तो उलट्या पावली बाकावर येऊन बसला. बाकावर बसलेल्या कोणा मुलाच्या आजींनी त्याच्यासाठी जरा सरकून जागा केली.

ठकी उठली. वेळ लागला, पण उठली. खुर्चीवाल्या मुलीच्या मागे लागली आणि ती मुलगी खुर्ची उलटी ढकलत, खिदळत ओरडायला लागली, “सापडत नाही, सापडत नाही!” जीभ काढून वेडावून दाखवत होती ती. आजवर लोकांनी ठकीला बिचारी म्हटलं होतं, गोड म्हटलं होतं, शूर म्हटलं होतं. तिला असं भर खेळात वेडावून दाखवणारं पहिल्यांदाच कोणी भेटलं होतं. लिफ्टवाल्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसलेही नाहीत.

वर्ग संपल्याची शिट्टी झाली. ठकीच्या हाती कोणीच लागलं नव्हतं.

जाताना तो बाईंपाशी थांबला. “बाई, तुमचे फार उपकार...” एवढं बोलला आणि पुढे त्याचं घोडं अडलं.

“उपकार कसले? पोरीचं राज्य बाकी आहे. पुढच्या शनिवारी वेळेवर आणा,” बाई म्हणाल्या आणि चटया गुंडाळायला लागल्या.

रस्ताभर ठकी धुमसत होती. घराच्या दारात आईला पाहिलं मात्र, तिने भोकाड पसरलं. आईच्या तोंडचं पाणी पळालं. तिने खाली बसून ठकीचे पाय चाचपले, गुडघ्यावरचं खरचटलेलं पाहिलं.

“पडली ना? कोणी ढकललं? मी म्हणतच होते, नको तो वर्ग.”

“कोणी नाही ढकललं,” तो म्हणाला.

“मग रडतेय का एवढी? दुखतंय का तिला?”

“दुखत नाही गं,” लिफ्टवाला म्हणाला. “हरली.”

आईने मान वर केली. “काय झालं?”

“पकडापकडीत राज्य आलं तिच्यावर. एकालाही पकडता आलं नाही. हरली आपली पोर.”

आईचे हात ठकीच्या पायांवर तसेच राहिले. “खरंच राज्य दिलं तिला?” तिने हळूच विचारलं. त्याने मान हलवली.

ठकी हुंदके देत सांगत होती की ती खुर्चीवाली लबाड आहे, मध्येच सरळ जात होती, आणि पैलवानाने फार जोरात मारलं. आईने नेहमीसारखं तिला उगी उगी केलं नाही. तिथेच उंबऱ्याशी मांडी घालून बसली आणि म्हणाली, “बरं, मग? पुढे काय झालं?”