बायजाने सांगितलेला शेवट

"हात चालू नसले की मला ऐकू येत नाय," पुंडलिक म्हणाला, तशी ऋतुजाने टेपच्या बटणावरचं बोट मागे घेतलं. "ही मूर्ती उजेडाकडं वळवतो. मग लाव."

पेणजवळच्या जोह्याच्या त्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीपासून भिंतीपर्यंत गणपती उभे होते. अंगावर रंग चढलेले, पितांबराच्या काठांवर सोनेरी ओल असलेले, आणि सगळेच्या सगळे आंधळे. डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी होते. तोवर प्रत्येक चेहऱ्यावर दोन पांढऱ्या पोकळ्या असतात, आणि श्रावणातल्या मळभल्या दुपारी त्यांच्या गर्दीत ब्रश घेऊन बसलेला माणूस जगातला एकटाच पाहणारा असतो. पुंडलिकचं सारं आयुष्य त्या पोकळ्या भरण्यात गेलं होतं. सत्तरी आली तरी हात कापत नव्हता. आखणी करताना तो मान वर करत नसे. कोणी हाक मारली तरी नाही.

दारापासून मधल्या खांबापर्यंत जमिनीचा एक पट्टा तेवढा रिकामा होता. ऋतुजाने आपली पिशवी तिथे ठेवली, तर कोपऱ्यात मुकुटांवर खडे चिकटवत बसलेली शेजारची इंदुबाई म्हणाली, "तिथं नको गो बाय. ती म्हातारीची वाट हाय."

"कोण म्हातारी?"

"माझी आई, धोंडुबाय," पुंडलिक म्हणाला. "दार अडवलेलं तिला चालायचं नाय. ती गेली त्याला जमाना झाला, पन आमची सवय काय सुटली नाय. यंदा ऑर्डरी जास्त हायत. पोराला सांगितलंय, हितेश, आजपासून तिथंपन मूर्त्या ठेव. रिकामी जागा काय चाटायचीय?"

ऋतुजा रोह्याहून आली होती. जुन्या, हरवलेल्या दूरचित्रवाणी मालिकांचे आवाज शोधणाऱ्या काही मंडळींपैकी ती एक. त्या काळी टेप महाग. प्रसारण झालं की फिती पुसायच्या आणि त्यांवर दुसरं काही भरायचं. 'खाडीपलीकडे' नावाची मालिका अशीच पुसली गेली. उरली ती फक्त कुणा वेड्या चाहत्यांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून घरी भरून घेतलेल्या कॅसेटींत. पुंडलिकच्या बायकोचं, बायजाचं, माहेर रोह्याचं. तिच्या भावानेच ऋतुजाला सांगितलं होतं, जोह्याला बहिणीच्या घरी कॅसेटींचा डबा आहे.

पण बायजाने त्या कॅसेटी हौसेने भरल्या नव्हत्या. मालिका लागायची ती नेमकी हंगामाच्या दिवसांत. गावात टीव्ही एकच, महिपतीच्या घरी. आखणीवरून पुंडलिकला उठता येत नसे, आणि सासू धोंडुबाई, बायजाची 'आत्याबाई', कारखान्याचं दार सोडून कुठे जात नसे. म्हणून बायजा माहेरहून आलेला टेपरेकॉर्डर तान्ह्या पोरासारखा कडेवर घेऊन महिपतीकडे जायची. दुसऱ्या दिवशी कारखान्यात कॅसेट वाजायची आणि काम करणारे सगळे खाली मान घालून ऐकायचे. नुसत्या आवाजाने चित्र कळत नाही, हे पहिल्याच आठवड्यात तिच्या ध्यानात आलं. तेव्हापासून ती यंत्राला ओठ लावून कुजबुजू लागली. कोण आलं, कोण गेलं, कोणी कोणाकडे कसं पाहिलं. जे पडद्यावर होतं ते तिच्या श्वासात मिसळून कारखान्यात यायचं, आणि पुंडलिक मूर्तीच्या डोळ्यांकडे बघत बायजाच्या डोळ्यांनी मालिका पाहायचा.

गेल्या माघात ती गेली. त्यानंतर त्याने डबा उघडला नव्हता. ऋतुजाला त्याने एकाच अटीवर होकार दिला होता. मालिका न्या, पण तिचा आवाज काढून टाका. तो आवाज या चार भिंतींसाठी होता. शहरातले लोक तिच्या बोलीला हसतील, आणि त्या हसण्याचा विचारही त्याला सोसत नव्हता. ऋतुजा म्हणाली होती, होईल काका, हल्ली आवाज वेगळा करता येतो; जगाला नुसती मालिका देऊ, सगळं असलेली प्रत तुम्हाला.

आता शेवटच्या भागाची कॅसेट उरली होती. कोकणातल्या दमट हवेने तिच्यावर बुरशी चढवली होती. साफ केली असली तरी ती एकदाच धड वाजेल, तेवढ्यात प्रत भरून घ्यायची, असं ऋतुजाने आधीच सांगून ठेवलं होतं.

पुंडलिकने ब्रशचं टोक ओठांनी निमुळतं केलं. "लाव."

खरखर. तिच्या तळातून शीर्षकाचं संगीत वर आलं. मग एक खणखणीत खोकला, आणि कोणीतरी दटावलं, "गप रं, भरनं चालू हाय."

"खोकनारा माझा बाप," इंदुबाई म्हणाली. "मेला तरी खोकतोय बघ अजून."

आणि मग ती आली. "आत्याबाई, आई चुलीपुढं बसलीय. लुगडं आपल्यासारखंच हाय, पन इस्त्री केल्यालं. चुलीपुढं कोन बसतं गो इस्त्रीचं नेसून?"

पुंडलिकच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. ब्रश मात्र पापणीच्या कमानीवरून पाण्यासारखा सरकला. मालिकेतला मुलगा तारवावर गेलेला, वर्षानुवर्षं न परतलेला. सारा भाग त्या आईच्या वाट पाहण्याचा होता. संवाद थोडे, भांड्यांचे आवाज, लांबून येणारी लाटांची गाज आणि मधूनमधून बायजा. पुंडलिकने एक डोळा पुरा केला. दुसऱ्याची बाहेरची रेषा घेतली. शेवट त्याला पाठ होता.

दार करकरलं.

"आला," बायजा कुजबुजली. तिचा श्वास यंत्रावर आपटला. "आत्याबाई, आला. उंबऱ्यात उभा हाय. दाढी वाढलीय. डाव्या भिवईवर खोक हाय जुनी. आई उठली. त्यानं चपला काढल्या. आत आला गो, आत्याबाई, आत आला."

संगीत. खरखर. खट्.

ऋतुजाने कानावरचे हेडफोन उतरवले. "काका," ती सावकाश म्हणाली, "आईचं काम करणाऱ्या बाईंना मी भेटलेय. कॅमेरा चालवणाऱ्यांनाही. दोघांनी एकच सांगितलं. शेवटी कोणी येत नाही. वाऱ्याने दार उघडतं आणि रिकामा उंबरा दिसत राहतो. तेवढंच."

"इसरले असतील. म्हातारपन." 

"मुलाचं काम केलेल्या नटाचा त्या वेळचा फोटो आहे माझ्याकडे." तिने मोबाइल पुढे धरला. गुळगुळीत, तरणा चेहरा. भिवई स्वच्छ.

ब्रश थांबला. आखणीच्या मध्ये ब्रश थांबला तर रंगाचा थेंब जमतो आणि मूर्तीची नजर बिघडते, हे शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. पुंडलिकने तो कसाबसा उचलून हवेत धरला.

डाव्या भिवईवरची खोक काळुरामची होती. थोरल्या भावाची. लहानपणी साचा अंगावर पडून झालेली. तो गोदीत काम बघायला म्हणून मुंबईला गेला आणि त्याची काही खबर आली नाही. तेव्हापासून आई दार सोडत नसे. पुंडलिकचं लग्न त्यानंतरचं. बायजाने काळुरामला कधी पाहिलं नव्हतं, घरात त्याचा फोटोही नव्हता. ती खोक तिने ऐकली असेल ती सासूच्याच तोंडून, भाकरी थापता थापता. चाळीस वर्षं पुंडलिक समजत आला होता की नटाच्या भिवईवरही योगायोगाने तशीच खूण होती.

"दादा," इंदुबाईने खड्यांची ताटली खाली ठेवली, "तुला खरंच ठावं नव्हतं?"

त्याने मान वर केली.

"मी व्हते तिथं. एवढीशी व्हते. दार उघडलं, कोन नाय. आमी बघतोय, आनि वयनी बोलायला लागली, आला म्हनून. सगली तिच्याकडं बघाय लागली. ती नुसती पडद्याकडं बघून बोलत व्हती, डोल्यांतनं पानी चाललेलं. कोन हललं नाय. संपल्यावर महिपतीकाका दारात उभा ऱ्हायला. प्रत्येकाला बाहेर सोडताना म्हनला, तो आला. ध्यानात ठेवा, आला."

"आनि गावात कोन कधी..."

"कोन कशाला बोलंल? आला म्हंजी आला."

बाहेर पेणकडे जाणारी एसटी थांबली आणि गेली. पुंडलिकला आईचा चेहरा आठवत होता, ती कॅसेट पुन्हा लाव म्हणतानाचा. "आईला पन ते खरंच वाटलं," तो म्हणाला. "बरं झालं एका परीनं."

इंदुबाई जरा घुटमळली. "एकदा मला जवल बोलावलं व्हतं म्हातारीनं. इचारलं, तुला दिसली का गो ती खोक? म्हनलं, दिसली. तशी हसली. म्हनली, पोरी, तू पन शिकलीस."

आईला ठाऊक होतं. बायजाला ठाऊक होतं की तिला ठाऊक आहे. गावाला ठाऊक होतं. त्या दयेच्या वर्तुळात एकटा तोच काय तो आंधळा बसला होता, दुसऱ्यांचे डोळे उघडत. त्याला राग येईल असं वाटलं, पण आत शोधलं तेव्हा राग नव्हता. तिथे फक्त ती कुजबूज होती, ओठ यंत्राला टेकवून, भरल्या घरात, एका म्हातारीसाठी रिकाम्या दारात माणूस उभा करणारी.

"ऋतुजा," तो म्हणाला, "तिचा आवाज काढू नको."

"पण काका, तुम्हीच म्हणाला होता..."

"म्हनलो व्हतो. आता नाय म्हनत. तुमच्या तिथं लिहायचं असंल तर लिही, चित्रात कोन आला नाय. ते खरं हाय. पन आवाज हाय तसा ऱ्हाऊ दे. हसनारे हसतील."

"आणि नाव घालू का त्यांचं?"

"घाल. बायजा. माहेर रोहा, सासर जोहे." थोडा थांबून तो म्हणाला, "नटांच्या खाली घाल. वर नको. तिला आवडायचं नाय."

मग त्याने ब्रश पुन्हा ओठांत धरून निमुळता केला, उरलेल्या डोळ्यावर वाकला आणि एका दमात बुबुळ बसवलं. मूर्तीने पाहिलं. ऋतुजा सामान आवरून त्या रिकाम्या पट्ट्याच्या कडेकडेने, पाय जपत बाहेर गेली.

इंदुबाईने मूर्ती उचलली. "कुठं ठेवू? हितेश म्हनालाय, वाटेत लाव."

"तिथं नको."

"मग? हाय कुठं जागा?"

पुंडलिक उठला. ज्या पाटावर बसून त्याने उभा जन्म आखणी केली तो त्याने पुढे सरकवला आणि मूर्ती त्याच्यावर ठेवायला लावली. पुढची आंधळी मूर्ती ओढून घेऊन तो खालच्या जमिनीवर मांडी घालून बसला, या वेळी दाराकडे तोंड करून. मळभातून आलेला थोडासा उजेड उंबऱ्यावरून आत, त्या मोकळ्या वाटेवरून खांबापर्यंत आला होता.