शिशाला एकट्याला विचारणं

हाडांच्या राखेची ती वाटी गाश्पर मुकादमाने उजेडात तिरकी धरली, तळ बोटाने चाचपला.

“अगं पोरी, चांदी कुठाय?”

“नाहीये, काका. तुमच्या खडकात चांदी नाही.”

“तुझ्या बापाला बरी सापडली! ईस्टरला ह्याच खडकातून मोहरीएवढा दाणा काढून दाखवला त्यानं. त्या भरवशावर उन्हाळाभर बोगदा खणतोय आम्ही.”

मागे उभा असलेला खाणकामगार उर्बान हसला. “हिनं भट्टीवर कोबीचा रस्सा ठेवला असेल, मुकादम. बापाचा हात पोरीला कुठून यायचा?”

तिचा बाप मेल्खिओर वारून महिनाही झाला नव्हता. श्टियावनित्साच्या खाणींतला खडक त्याच्याच भट्टीत पारखला जायचा. अपोलोनिया लहानपणापासून त्याच्या हाताखाली राख चाळत आली होती. खडकाची पूड शिशाबरोबर वितळवायची. शिसं वाटीत मुरतं, चांदी वर उरते. पण शिशाच्या पोटातही कधी कधी चांदी असते. म्हणून बाबा म्हणायचे, “शिसं लबाड. आधी त्याला एकट्याला विचारायचं.” खडक न घालता नुसतं शिसं वितळवून असं विचारून झालं की ते शिशाच्या लगडीच्या कडेला चाकूने खाच पाडायचे.

तिने फळीवरून त्यांची उरलेली लगड काढली. ईस्टरच्या पारखीला वापरलेली. कडेवरून अंगठा फिरवला. खाच नव्हती.

तेव्हाच ती परत ठेवता आली असती. पोरीचा हात वाईट, एवढंच गावात म्हटलं गेलं असतं. पण उर्बान अजून हसत होता.

“हे बाबांचं ईस्टरचं शिसं, मी वापरलं ते वेगळं,” ती म्हणाली. “खडक घालत नाही. नीट बघा.”

लगडीतून कापलेलं शिसं वितळलं, धुरावलं, वाटीत मुरत गेलं. शेवटी लख्खकन चमकलं आणि तळाशी दाणा उरला. मोहरीएवढा.

उर्बानने टोपी काढली. गाश्पर दाण्यावर वाकला.

“म्हातारा थकला होता गं,” तो हळूच म्हणाला. “तुझा हात खरा आहे. बोगदा बंद करतो आम्ही.”

हेच तिला ऐकायचं होतं. आता मान वर होईना.

ते दोघं उतारावरून खाली गेले. संध्याकाळपर्यंत प्रत्येक चुलीपाशी तेच बोलणं होणार होतं: मेल्खिओर चुकला, आणि लेकीनंच दाखवून दिलं.

तिने बाबांचा चाकू घेतला आणि लगडीच्या कडेवर खाच पाडली. ती वाकडी आली.