सोनेरी कार्ड, तीन मजले आणि मी

मी एक जुनी, तपकिरी रंगाची, कडक पाठीची बॅग आहे. मला चाके नाहीत. आजकालच्या बॅगा फरफटत नेल्या जातात, मला मात्र उचलावे लागते. मित्रांनो, यात मला कधीच कमीपणा वाटला नाही. जिला उचलायचे असते, तिच्याकडे माणूस आधी नीट बघतो.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या छोट्या कारखान्यात झाला. मला शिवणारा कारागीर कमी बोलणारा आणि हट्टी होता. माझ्या कोपऱ्यांना तो तीन तीन टाके घालत होता, तेव्हा मालक म्हणाला, "अरे, दोन पुरेत की!"

"कोपराच पहिला आपटतो, मालक," असे म्हणून त्याने तिसरा टाका घातलाच. त्या तिसऱ्या टाक्याच्या जोरावर मी सव्वीस वर्षे काढली आहेत.

मला विकत घेतले ते आईने. ही आई म्हणजे माझ्या ताईची आई, शाळेतली निवृत्त शिक्षिका. ताईला नोकरी लागली त्या आठवड्यात ती मला घरी घेऊन आली. ताईची नोकरी न्यारीच होती. दातांच्या डॉक्टरकडे वरखाली होणारी खुर्ची असते ना, ती दुरुस्त करायची. ती खुर्ची बिघडली की आडवा झालेला रोगी आ वासून आडवाच राहतो. मग ताईला घाईघाईने फोन येतो. उपनगरे वाढली, तसे तिथे दातांचे दवाखाने वाढले आणि आमची फिरतीही वाढली. एका फेरीत चार चार दवाखाने, रात्री उशिरापर्यंत आणि सकाळी सातपासून काम. म्हणून घर शहरातच असूनही मुक्काम, वर्कशॉपच्या खर्चाने, जवळच्या हॉटेलात.

हॉटेले मी पुष्कळ पाहिली, पण आमची नेहमीची तीन. लोक हॉटेल पारखताना उशी दाबून बघतात, नळ सोडून बघतात. माझी पारख वेगळी. बॅग कुठे ठेवतात, ते मी बघते.

पहिले हॉटेल कारंज्याचे. तिथे दारातच गणवेशातला माणूस मला ताईच्या हातातून घेई आणि खोलीत लाकडी घडवंचीवर अलगद ठेवी. सभासदांना नाश्ता फुकट. शिवाय रिसेप्शनवर त्यांच्यासाठी वेगळी रांग, मखमली दोरी लावलेली. ती दोरी सोडायला आतून कुणाला तरी यावे लागे, आणि तेवढ्यात शेजारच्या साध्या रांगेतली माणसे खोलीत जाऊन तोंडही धुऊन मोकळी होत.

दुसरे पुलाजवळचे. तिथे मला पलंगाच्या पायथ्याशी गादीच्या बाकावर जागा. सभासदाला दुपारी चारपर्यंत खोली सोडायची घाई नाही, दोन कपड्यांना इस्त्री फुकट, आणि रिकामी असली तर वरच्या मजल्यावरची मोठी खोली.

तिसऱ्याच्या दारावर हिरवी पाटी होती. तिथे मला सरळ फरशीवर ठेवत, तेही न्हाणीघराच्या दाराशी. सभासदाला पाण्याची एक बाटली आणि एक सफरचंद. ते सफरचंद दर मुक्कामाला तेच असावे, असा ताईला संशय होता.

घरी परतले की आई माझे कुलूप उघडता उघडता विचारी, "या खेपेला कुठलं?" मग वहीत गुण लिही. शिक्षिकाच ती! कारंज्याचे हॉटेल: नाश्ता दहापैकी नऊ, वागणूक आठ. पुलाजवळचे: इस्त्री नऊ, उशी सात. हिरव्या पाटीचे: उशी दोन, सफरचंद शून्य, शेरा: प्रयत्न वाढवावेत.

"पण मला एक सांग," ती ताईला म्हणे, "हे सभासद म्हणजे काय गं? पैसे देऊनच राहतेस ना?"

"हो."

"मग मान कसला त्यात?"

"अगं, नेहमी येणाऱ्याचा मान, आई."

"नेहमी येणाऱ्याला आपल्याकडे पाहुणासुद्धा म्हणत नाहीत. स्वतःच पाणी घे म्हणतात."

अशी मजेत वर्षे गेली. मग आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. ऑपरेशन चांगले झाले, पण गुडघा वाकेना. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. आई घरात अडकली. दुसऱ्या शहरात राहणारा ताईचा धाकटा भाऊ भेटायला आला आणि काळजीने म्हणाला, "आई, चार महिने बघू. जिना जमला तर ठीक. नाही तर माझ्याकडे चल, तळमजला आहे."

"तुझ्या तळमजल्यावर माझी माणसं आहेत का?" आई म्हणाली. "इथे खिडकीतून हाक मारली की सात घरं ओ देतात."

"हाक मारायला चालावं लागत नाही, आई. बाकी सगळ्याला लागतं."

मला त्याचा अर्थ कळला. चार महिन्यांत गुडघा वाकला नाही, तर तिचे घर सुटणार होते.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओबाईंनी उपाय सांगितला: रोज सकाळी कोमट पाण्यात चालायचे. सार्वजनिक जलतरण तलावाचे पाणी बर्फासारखे, आणि आत उतरायला सरळसोट शिडी. ताईने शोध शोध शोधले. कोमट पाण्याचा, पायऱ्या असलेला तलाव गावात एकाच ठिकाणी निघाला, आणि तो हिरव्या पाटीच्या हॉटेलात! त्या वर्षात आम्ही तिथे अकरा वेळा राहिलो होतो, पण सकाळी सातलाच कामाला निघणाऱ्यांना तो दिसणार कुठून? तलाव फक्त तिथे उतरलेल्यांसाठी होता, आणि महिनाभर खोली घेऊन राहणे आम्हाला परवडणारे नव्हते. पण वर्षात पंचवीस मुक्काम करणाऱ्याला सोनेरी कार्ड मिळे, आणि सोनेरी कार्डवाल्याला तलाव वर्षभर खुला, सोबत एका माणसासह.

ताईने कारंजे सोडले, पूल सोडला. सात आठवड्यांत चौदा मुक्काम, सगळे हिरव्या पाटीचे. दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला असला तरी ती तासभर प्रवास करून तिथेच येई. मी फरशीवर बसून तिला ती दगडी उशी थोपटताना पाही. इतकी वर्षे घडवंचीवर बसले, पण सांगते तुम्हाला, त्या फरशीवर बसण्याचा मला जितका अभिमान वाटला तितका कुठेच वाटला नाही.

पंचविसाव्या मुक्कामानंतर सोनेरी कार्ड घरी आले. सोबत भेट म्हणून एक मोठे खोके. त्यातून निघाली एक चकचकीत, चंदेरी, चार चाकांची बॅग. बोट लावले की आपोआप पळणारी! ताई तिला घेऊन पुढच्या फेरीला गेली. माझ्या पोटात जुने स्वेटर भरून मला कपाटावर चढवले. वाईट वाटले. खोटे कशाला बोलू?

पण आईला धीर नव्हता. ताई फेरीवर असतानाच ती शेजारच्या वहिनींना म्हणाली, "चला, आज जाऊन येऊ. कार्ड घरीच ठेवून गेलीय ती." पोहण्याचा पोशाख आणि टॉवेल न्यायला बॅग हवी होती. नवी ताईबरोबर गेलेली. वहिनी स्टुलावर चढल्या, स्वेटर बाहेर आले आणि मी खाली.

जिना उतरताना पहिल्याच वळणावर आईचा चेहरा पांढरा पडला. बसायला काही नव्हते. पायरीवर बसले की उठता येत नव्हते, तिचा गुडघा तेवढा वाकत नव्हता. वहिनींनी मला आडवे न ठेवता उभे ठेवले आणि म्हणाल्या, "हिच्यावर टेका, बाई."

माझ्या आत लाकडी चौकट आहे. मी जराही कुरकुरले नाही. त्या चंदेरी पाहुणीवर आई बसली असती, तर दोघी एकदमच तळमजल्याला पोचल्या असत्या!

तीन मजल्यांत सहा वेळा आई माझ्यावर टेकली. टॅक्सीने हॉटेलात पोचलो. तलावाच्या दारातल्या काउंटरवरच्या मुलीने कार्ड पाहिले, हसून नमस्कार केला, आणि मग तिचा आवाज हळू झाला. "आजी, कार्ड तुमच्या मुलीचं आहे. सोबतच्या माणसाला एकटं सोडता येत नाही. त्या स्वतः बरोबर हव्यात."

"मी तिची आई आहे, बाळ."

"हो आजी, पण नियम तसा आहे."

"नऊ महिने मी तिला सोबत घेऊन फिरले," आई म्हणाली, "तेव्हा नाही कुणी कार्ड मागितलं."

ती मुलगी हसली आणि ओशाळलीही. तिने आईला खुर्ची दिली, पाणी दिले, सफरचंदही दिले. पण दार उघडणे तिच्या हातात नव्हते. काचेपलीकडे पाण्यावर वाफ तरंगत होती. आईने ती बराच वेळ पाहिली. टॉवेल कोरडाच परत आला. वर चढताना ती माझ्यावर सहा नव्हे, आठ वेळा टेकली, आणि दारात पोचल्यावर वहिनींना म्हणाली, "आता मी खाली उतरेन ती सामान घेऊनच."

ताई परत आली. सगळे ऐकून कार्डाबरोबरचा कागद उघडून बसली. तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत तो नियम होता.

"वाचलं नव्हतंस?" आईने विचारले.

"नाही."

"तीस वर्षं शाळेत ओरडत होते. आधी सूचना वाचा, मग उत्तरं लिहा."

दोघी हसल्या. मग ताईच्या डोळ्यांत पाणी आले आणि आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. चारातले जेमतेम दोन महिने उरले होते.

दुसऱ्या दिवशी ताईने वर्कशॉपच्या साहेबांना फोन लावला. मी तिथेच दाराशी होते. "साहेब, दोन महिने मला फिरती नको. मी इथे बसून खुर्च्यांची कंट्रोल सर्किटं दुरुस्त करते. रोज दहाला येईन."

साहेबांचा आवाज मोठा, मलाही ऐकू आला. "अगं, तुझ्या फेऱ्या दुसऱ्याला द्याव्या लागतील. मग परत मिळतीलच असं नाही. आणि मुक्काम बंद झाले की पुढल्या वर्षी ते तुझं सोनेरी कार्डही जाईल."

"जाऊ दे, साहेब," ताई म्हणाली. "मला ते याच वर्षी हवं होतं."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिघी निघालो. ताई चंदेरी बॅगेकडे वळली, तेव्हा आई म्हणाली, "ती नको. माझी आण." माझी! ताईची बॅग म्हणून मी आयुष्य काढले आणि त्या दिवशी आईची झाले.

मी तलावाकाठच्या बाकावर बसे. पहिल्या दिवशी आई कठड्याला धरून दहा पावले चालली आणि पाण्याला रागावली. आठवड्याने कठडा सुटला. तिसऱ्या आठवड्यात काउंटरवरची मुलगी काचेतून बघत अंगठा दाखवू लागली. जिन्यातले माझे काम मात्र हळूहळू कमी होत गेले. सहाचे पाच, पाचाचे तीन. मला आधी चुटपुट लागली, मग कळले की असे कमी होण्यासाठीच तर मी रोज येत होते. एक सकाळ अशी आली की तिन्ही मजले मी ताईच्या हातात लटकत उतरले आणि आई आमच्या पुढे होती.

चार महिने भरले त्या रविवारी धाकटा गाडी घेऊन आला. वर यायच्या आधी त्याने खालूनच फोन केला, "आई, सामान बांधलंस का? मी घ्यायला येतो." आम्ही तेव्हा तलावावरूनच परतत होतो. फाटकात गाठ पडली. आईला उभी पाहून तो गडबडला. "अगं ताई, तिला बसव आधी. ठेव ती बॅग खाली!"

"कशाला?" आई म्हणाली. "चल वर. चहा टाकते."

आणि ती चढू लागली. कठड्याला हात होता, पण नावापुरता. पहिला मजला गेला. दुसरा गेला. मागून धापा ऐकू येऊ लागल्या. धाकट्याची नोकरी खुर्चीतली, गाडी दारातली आणि घर तळमजल्यावरचे. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधल्या वळणावर तो थांबला, ताईच्या हातातून मला घेतले, खाली ठेवले आणि माझ्यावर बसला.

वरून आईचा आवाज आला, "बाळा, माझ्याकडे राहायला ये. जिन्याची सवय होईल."

तो हसू लागला, इतका की मला त्याच्या हसण्याचे हादरे बसले. मग तो उठला, मला स्वतः उचलले आणि वर नेले. चहा झाला. जाण्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

मित्रांनो, ताईचे सोनेरी कार्ड पुढच्या वर्षी खरेच गेले. निम्म्या फेऱ्या परत मिळाल्या, निम्म्या नाही. चंदेरी बॅग तिच्याबरोबर फिरते, आणि फिरो बापडी. मी दाराजवळ उभी असते. माझे कुलूप लागत नाही, एक कोपरा झिजला आहे, पण तिसरा टाका अजून सुटलेला नाही. आई महिन्यातून एकदा मला उघडून उन्हात ठेवते आणि बिजागरीला तेलाचा थेंब सोडते. मला एवढे पुरते.

तुमच्याही घरात कपाटावर अशी एखादी जुनी बॅग असेल. तिची धूळ पुसा, तिला उन्हात ठेवा, ओलसर राहू देऊ नका. आणि जिन्यात कुणी म्हातारे माणूस थांबलेले दिसले, तर वाट मागू नका. धावत घरी जा, आणि ती बॅग खाली घेऊन या.